उतारावरचा राब

उपग्रहाने काढलेलं आमच्या भागाचं चित्र मी पहिल्यांदा घरी नेलं, तेव्हा वडिलांनी ते खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "रान पेटलंय काय हे?"

चित्रात सगळं लाल होतं. त्या काळच्या चित्रांत झाडझाडोरा लाल दिसायचा, पाणी काळंनिळं आणि उघडी जमीन राखाडी. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश हिरवी पानं भरपूर परत फेकतात, उपग्रहाला तो दिसतो आणि कागदावर तो दाखवायला लाल रंग वापरतात. हे मी वडिलांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात शेजारचे काका आले, त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि निकाल देऊन टाकला, "शिमग्याला काढलाय. पळस फुललाय सगला." हे मात्र घरातल्या सगळ्यांना लगेच पटलं. माझ्या भूगोलाच्या पदवीचं तिथे कोणी काही विचारलं नाही.

आमचं गाव मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे. पोरीकडे वरून काढलेले फोटो असतात, ही बातमी तिथे दोन दिवसांत पसरली. एकाने गोठ्यामागे ठेवलेले सागाचे ओंडके पेंढ्याखाली झाकले. दुसऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं की शेजाऱ्याने बांधाचा दगड कधी सरकवला ते त्यात दिसेल का. मी सांगितलं, काका, यात तुमचं आख्खं घरसुद्धा दिसत नाही, घर-अंगण-गोठा मिळून एक ठिपका होतो. ते हसले. मी दगड सरकवणाऱ्याला सामील आहे, असं त्यांचं मत झालं असावं. ते पुढे वर्षभर माझ्याशी जरा तुटकच वागत होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्याच्या एका ऑफिसात लागले होते आणि वाशिंदला भाड्याने राहत होते. माझं काम तलावांच्या पाण्याचं. दर वर्षी मेच्या शेवटी, पाणी अगदी तळाला गेलेलं असताना, भातसा आणि आसपासच्या तलावांची चित्रं यायची. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर चित्र, त्यावर पारदर्शक कागद, आणि हातात टोकदार पेन्सिल. पाण्याची कड गिरवायची, मागच्या वर्षीच्या कडेशी ताडून बघायची. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. मला ते काम आवडायचं. एका जागी बसून एवढं फिरायला दुसरीकडे कुठे मिळालं असतं?

एकाच चित्रावरून फारसं काही कळत नाही. वर्षावर वर्ष ठेवत गेलं की मग चित्र बोलायला लागतं. वाशिंदला रेल्वेरुळांच्या बाजूची भातखाचरं एकेक करून पांढरी होत गेली. आधी कारखान्यांचे मोठे पांढरे चौकोन, मग त्यांच्याभोवती इमारतींचे लहान. त्यातल्याच एका चौकोनात माझी खोली होती. खर्डीच्या बाजूला जंगलाचा लाल रंग कडेकडेने विरळ होत होता. मुरबाडकडे तर सरळ रेघा उमटायला लागल्या. आमच्याकडे बांध, पायवाट, ओहळ, काहीच सरळ नसतं, त्यामुळे रेघ सरळ दिसली की समजायचं, शहरातल्या माणसाने जमीन घेऊन कुंपण घातलं. हे बघताना मला राग यायचा, आणि राग येऊन उपयोग नाही हेही कळायचं, कारण विकणाऱ्यांत माझे चुलतेही होते.

पुढे काळी-पांढरी, पण जास्त बारीक नजरेची चित्रं येऊ लागली. त्यांत डोंगराच्या उतारांवर काळे डाग दिसायचे. शेजारच्या टेबलावरचे सहकारी देशावरचे होते. त्यांनी विचारलं, हे वणवे का? मी म्हटलं, वणवे नव्हेत, राब. भात असो की नाचणी, आमच्याकडे रोपं आधी एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून शेतात लावतात. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पातेरा, गवत असे थर रचतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. मग तो भडकत नाही, धुमसत धुमसत भाजतो. जमीन भुसभुशीत होते, तण मरतं. त्याला राब भाजणं म्हणतात आणि त्या छाटलेल्या फांद्यांना कवळ. कवळ तोडायला माणूस झाडावर चढतो, खालून वर छाटत जातो. आमच्याकडची ऐनाची झाडं म्हणूनच अशी खांबासारखी सरळसोट दिसतात.

डोंगरावरच्या वाड्यांचे राब एका जागी राहत नाहीत. उतारावर एक वर्ष नाचणी, मग वरई, मग खुरासणी, आणि मग काही वर्षं तो तुकडा पड टाकायचा, शेजारचा घ्यायचा. राबही त्याच्या मागे सरकतो. मी आमच्या गावाच्या वरच्या वाडीची चित्रं जेवणाच्या सुट्टीत उगाच एकावर एक ठेवून बघायचे. खाली सगळं वाढत, पसरत चाललेलं; वर त्या वाडीचे काळे डाग तेवढेच, आपापल्या उतारावर इकडून तिकडे फिरणारे. त्यातला ओहळाच्या अलीकडचा डाग आत्याचा.

ही आत्या नात्याची नव्हे. ती वाडीवरची. आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत ती आमच्या खाचरात आईच्या शेजारी वाकायची, आणि आई आजारी पडली त्या पावसाळ्यात आमचं घरही तिनेच सांभाळलं. आम्ही भावंडं तिला आत्या म्हणायचो आणि वडील तिला बहिणीचा मान द्यायचे. तिचा नवरा लवकर गेला. सासऱ्याच्या उताराचे दोन भाग झाले होते, ओहळाच्या अलीकडचा तिचा, पलीकडचा तिच्या दिराचा. मधोमध एक हिरड्याचं झाड. हिरडा विकून चार पैसे येतात, त्यामुळे ते झाड कोणाचं यावरून दोघांचं बिनसलं, आणि ते एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच पाणवठ्यावर, एकाच लग्नात, एकाच होळीपुढे उभे राहायचे, पण शब्द नाही. वाडीलाही त्याची सवय झाली होती.

दोन हजारनंतर मी ऑफिस सोडलं आणि शहापूरला कॉलेजात शिकवायला लागले. ऑफिसने टाकायला काढलेली जुनी चित्रं मी मागून घेतली होती, आणि पुढेही दर वर्षीची मेची चित्रं तिथलं काम झालं की मागून आणत होते. मुलांना शिकवायला ती बरी पडायची.

मग वनहक्काचा कायदा आला. वनजमिनीवर जे कायद्यात दिलेल्या तारखेच्या आधीपासून शेती करत होते, त्यांना ती जमीन नावावर मिळणार होती. वाडीवर सगळ्यांनी दावे केले. बाकीच्यांचे पुढे सरकले, आत्याचा अडकला. एके दिवशी ती आपल्या धाकट्या सुनेला घेऊन थेट माझ्या वाशिंदच्या घरी आली. तिने चहा घेतला. मग म्हणाली, "ते बोलतात, वरच्या फोटूत तुझा शेत नाय. तू त्यातलीच ना गो? तू बघ."

कचेरीने पाहिलेलं चित्र त्या तारखेच्या सुमारास, हिवाळ्यात काढलेलं होतं. त्यात तिच्या उतारावर गवत आणि झुडपं. मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. नाचणी उगवते पावसात आणि कापणी होते पाऊस सरता सरता. ते चारही महिने आमच्या डोंगरांवर ढग, आणि ढगांतून या उपग्रहांना दिसत नाही. आकाश मोकळं होतं तोवर शेत रिकामं, त्यावर गवत. डोंगरावरची शेती या चित्रांनी कधी बघितलेलीच नाही. तिची एकच खूण वरून दिसते, उन्हाळ्यात भाजलेला राब. मी आत्याला म्हटलं, काळजी करू नको, माझ्याकडे दर मेची चित्रं आहेत, तुझा डाग मला पाठ आहे.

ती गेल्यावर मी चित्रं काढली. तिचा डाग सापडत गेला. एका वर्षी ओहळाजवळ, मग वर, मग हिरड्याच्या अंगाला. नेमक्या कायद्यातल्या तारखेच्या वर्षी मात्र नव्हता. भिंग घेऊन तिचा सगळा उतार दोनदा तपासला. मग वाटलं, चित्रातच काही दोष असेल. पण बाकीच्यांचे राब तर स्वच्छ दिसत होते. तिच्या बाजूचा पुरावा म्हणून मी जे मांडणार होते, तेच तिच्या विरुद्ध गेलं असतं.

रविवारी मी वाडीवर गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी सरळ विचारलं, "आत्या, त्या वर्षी तू राब भाजला नव्हतास का?"

ती हात न थांबवता म्हणाली, "त्या वर्षी नाय. त्या वर्षी पोरगा गेला ना."

मी मनातल्या मनात वर्षं मोजली. बरोबर होतं. तिचा थोरला मुलगा ऐनावरून पडून गेला होता. राबासाठीच कवळ तोडायला चढला होता, फांदी तुटली. मी दिवसांना जाऊन आले होते, तो उन्हाळा मला आठवत होता. पण चित्रं बघताना तो मनात आला नव्हता. चित्रावर साल असतं, माणसं नसतात.

"मग शेत लावलंच नाहीस?"

"लावला की. पड कसा ठेवीन? खायाला कोण घालील?"

"रोपं कुठून आणलीस?"

तिने सूप खाली ठेवलं. मग तिने जे सांगितलं ते आमच्या खालच्या गावात मला कधी कळलं नव्हतं. त्यांच्या वाडीवर मरण झालेल्या घराने त्या वर्षी राब पेटवायचा नाही. एकदा चिता पेटली, त्या वर्षी त्या घराने दुसरी आग लावायची नाही. त्याऐवजी बाकीची घरं आपापला राब थोडा मोठा घालतात. आवणीच्या वेळी रोपांच्या जुड्या त्या घराच्या शेताच्या कडेला आणून ठेवतात. पहाटे, कोणी बघणार नाही असं. कोणी ठेवल्या हे सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही.

"का विचारायचं नाही?"

"कलला का मग फेडावा लागल," ती म्हणाली. "आनि ज्यानं नाय ठेवला त्याचा पन कलल."

परत येताना मी जवळजवळ पळतच उतरले. घरी येऊन त्याच वर्षाचं चित्र पुन्हा टेबलावर घेतलं आणि या वेळी तिच्या उताराकडे न बघता बाकीच्यांकडे बघितलं. आधीच्या वर्षाचं चित्र शेजारी ठेवलं. घराघरांचे डाग वाढलेले होते. फार नाही, कडेने थोडे थोडे. तिच्या एका राबाची जागा सगळ्या वाडीने आपसांत वाटून घेतली होती आणि ते आकाशातून टिपलं गेलं होतं. एवढी वर्षं मी पाण्याच्या कडा गिरवल्या, भिंतींचे चौकोन मोजले. कोणी कोणासाठी काही केलेलं त्यात दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. नवरा आतून विचारायला आला, त्याला म्हटलं काही नाही, काम आहे.

एक डाग इतरांपेक्षा खूपच वाढलेला होता. ओहळाच्या पलीकडचा. दिराचा.

पुढच्या रविवारी मी पुन्हा वर गेले. आत्याला सगळं सांगायला मी इतकी उतावीळ झाले होते की अंगणातच सुरुवात केली, की मी आता प्रत्येकाच्या जमिनीची हद्द आखून, कोणाचा राब किती वाढला ते दाखवते, मग कोणाची नाही म्हणायची टाप नाही. ती मला हाताला धरून आत घेऊन गेली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"कोनाचा काय वाढला ते दाखवायचा नाय," ती म्हणाली. "मलाबी सांगायचा नाय."

"अगं आत्या, जमीन जाईल."

"जाऊ दे मंग. साऱ्या वाडीला मी उघडा पाडू? ज्यानं नाय दिला त्याचा काय व्हईल? त्याच्या घरात पन त्या साली काय असल, तुला काय ठाव?"

मी वाद घातला. जमीन गेली तर सुनेने, नातवांनी काय खायचं, असं बरंच बोलले. तिचं म्हणणं काही बदललं नाही. उतरताना मला तिचा रागच आला होता. अर्ध्या वाटेत आल्यावर जाणवलं की दगड सरकवल्याचा फोटो मागणारे काका आणि मी, आमच्यात आता फार फरक उरला नव्हता.

शेवटी मी दोनच चित्रं तयार केली, आधीच्या वर्षाचं आणि त्या वर्षाचं. वाडीचा सगळा उतार एकत्र, आत कोणाचीही हद्द नाही. तिची रिकामी जागा तेवढी गोल करून दाखवली, आणि खाली लिहिलं की राबांची मिळून काळी जमीन दोन्ही वर्षी सारखीच भरते. मुरबाडला सुनावणी झाली. वाडीवरची तीन म्हातारी माणसं साक्षीला आली होती. दीर आला नव्हता. साहेब तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी चित्रं नीट पाहिली, राब म्हणजे काय ते समजून घेतलं आणि विचारलं, "पण मग यांची रोपं यातल्या कोणाच्या राबात होती?"

तिघांतला सगळ्यात थोरला उठला. "साहेब, आमच्यात ते इचारत नाय. शेत लावला व्हता. आमी बघला."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग चित्राकडे, आणि तेवढंच लिहून घेतलं.

बाहेर पडून आम्ही एसटी स्टँडवर चहाला बसलो. आत्या म्हणाली, "दे बघू तो कागद." मी दिला. तिने तो फिरवत फिरवत, ओहळ तिच्या घरातून दिसतो तसा येईपर्यंत वळवला. मी काही बोलायच्या आधी तिचं बोट ओहळावर आलं, तिथून हिरड्यापाशी, आणि तिथून पलीकडे. हद्दी मी काढल्या नव्हत्या, पण त्या उतारावर तिचा जन्म गेला होता. तिथल्या मोठ्या डागावर बोट थांबलं. मग तिने आधीच्या वर्षाचं चित्र मागितलं आणि तीच जागा त्यावर शोधली. चहावर साय धरली. मी रस्त्याकडे बघत बसले, कारण मला सांगायचं नव्हतं आणि लपवायचं उरलं नव्हतं.

"घडी घाल," ती शेवटी म्हणाली. "गाडी येल."

काही महिन्यांनी दावा मंजूर झाला. मागितली तेवढी जमीन मिळाली नाही, पण बरीचशी मिळाली, ओहळापर्यंत. सुनेने पेढे आणून दिले. मी विचारलं, आत्याचं दिराशी बोलणं सुरू झालं का? ती म्हणाली, "नाय बा. त्यांचा तसाच हाय." मला वाईट वाटलं. एवढं बघून ही बाई गप्प कशी राहू शकते, असंही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजने मुलांच्या प्रकल्पासाठी नवी चित्रं मागवली. आता टेबल, दिवा, पेन्सिल काही नको, सगळं संगणकावर. भातशाची कड मुलांना दाखवून झाली, वाशिंदचे चौकोन दाखवून झाले, तास संपला. वर्ग रिकामा झाल्यावर मी सवयीने चित्र सरकवत वाडीवर गेले.

ओहळाच्या अलीकडे आत्याचा राब होता. तो इतका मोठा मी कधीच पाहिला नव्हता. मला आधी वाटलं, दोन राब शेजारी भाजले आहेत. बाकीच्यांचे डागही कडेने थोडे थोडे सुजलेले. मग मी ओहळाच्या पलीकडे बघितलं. हिरड्यापासून वरच्या कड्यापर्यंत दिराचा सगळा उतार तपासला. एकही डाग नव्हता.

दिराच्या घरात मरण झालं होतं. कोणाचं, ते चित्रात नव्हतं. मी सुनेला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. पाऊस पडल्यावर भेटायला जायचं ठरवलं. रोपांचं मात्र मी कोणाला काही विचारणार नव्हते.